एकाच चुलीवरची भाकर, दोघा भावांची वेगळी शुगर

लातूर जिल्ह्यात उदगीरच्या बाजूचं एक एकत्र कुटुंब. थोरले भाऊ ५२ वर्षांचे, मोंढ्यात आडत दुकान. धाकटे ४६ वर्षांचे, घरची सगळी शेती त्यांच्याकडे. दोघांनाही शुगर. थोरल्यांना अकरा वर्षांपासून, धाकट्यांना सहा. आई-वडील दोघंही शुगरवाले, वडील किडनीच्या दुखण्यात गेले. ओळख पटेल असे तपशील बदलूनच हे लिहितो आहे.

थोरले माझ्या दवाखान्यात आले ते वैतागून. दिवसाला २ ग्रॅम मेटफॉर्मिन आणि ४ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड चालू, तरी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.२. धाकट्यांना मेटफॉर्मिन अर्धं, ग्लिमेपिराइड फक्त १ मिलिग्रॅम, आणि आकडा ६.६. थोरल्यांचा सवाल सरळ होता: "एकाच आईच्या पोटचे आम्ही. एकाच चुलीवरची भाकर खातो. त्याला एवढुशी गोळी लागू पडती अन् मला ढीगभर खाऊनबी फरक नाही. असं का बरं?"

सोबत त्यांचा पुण्यात शिकणारा मुलगा होता. मोबाइलवर एका खासगी लॅबचा जनुकीय तपासणीचा अहवाल घेऊन आलेला. आठ-दहा पानं, लाल-हिरवे बाण, शेवटच्या पानावर आहाराचा सल्ला (त्यात ओट्स आणि ऑलिव्ह तेल, ज्वारीचा उल्लेख नाही). वडील आणि काका, दोघांचीही तपासणी त्याने करून घेतली होती. त्याला जाणून घ्यायचं होतं की "आतड्याच्या हार्मोनचं ते इंजेक्शन" वडिलांना चालेल का.

अहवाल मी बाजूला ठेवला. आधी साध्या गोष्टी बघायच्या असतात.

आधी साध्या गोष्टी

गोळ्या खरंच घेतात का? घेतात. पत्नी डबीत मोजून ठेवतात. दारू नाही, स्टेरॉइड नाही, कुठल्या वैदूची पुडी नाही. वजन घटलेलं नाही, खोकला नाही, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १३.८, हे बघावं लागतं, कारण रक्त कमी असलं की एचबीए१सीचा आकडा फसवतो. स्वादुपिंडात खडे नाहीत, तेही सोनोग्राफीत पाहिलं. आपल्याकडे सडपातळ माणसाला न आवरणारी शुगर असेल तर हा प्रश्न विचारायचाच. गॅड अँटिबॉडी नाही, म्हणजे उशिरा सुरू झालेला टाइप-१ असण्याची शक्यता कमी. क्रिएटिनिन व्यवस्थित, लघवीत प्रथिनं किंचित.

थोरल्यांचा बीएमआय २२.८. दिसायला काटक. पण कमरेचा घेर ९१ सेंटिमीटर, आणि भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९०. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. थोरल्यांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले.

चरबीचं झालं. पण घेर तर धाकट्यांचाही ८९ आहे. मग फरक कुठला?

एक फरक उघड होता, आणि तो मुलाच्या अहवालात कुठेच नव्हता. थोरले दिवसभर गादीवर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याबरोबर चहा, त्यात साखर. धाकटे रानात सकाळपासून उभे. त्यामुळे दोघांची तुलना करायची तर निदान एका सकाळपुरती तरी सगळी परिस्थिती सारखी हवी.

एकच जेवण, एकच सकाळ

दोघांना उपाशीपोटी एकाच दिवशी बोलावलं. ग्लिमेपिराइड आदल्या दिवशीपासून बंद. घरून एकसारखे दोन डबे आले: दोन भाकरी, पिठलं, वाटीभर मटकीची उसळ, दही. पंधरा मिनिटांत खायचं, मग बाकावर बसून राहायचं. धाकट्यांना बसून राहणं अवघड गेलं.

उपाशी साखर थोरल्यांची १४४, धाकट्यांची १२१. दोन तासांनी थोरले २७१, धाकटे १७८. सी-पेप्टाइडही तपासलं होतं. शरीर इन्सुलिन तयार करतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं, त्यामुळे इन्सुलिन किती बनलं याचा अंदाज त्यावरून येतो. उपाशीपोटी दोघांचं जवळजवळ सारखं, १.४ आणि १.५. जेवणानंतर तासाभराने मात्र थोरल्यांचं २.२ आणि धाकट्यांचं ४.१.

या प्रकरणातला सगळ्यात कामाचा पुरावा मला हाच वाटतो. थोरल्यांचं स्वादुपिंड रिकामं झालेलं नाही. उपाशीपोटी ते भावाइतकंच काम करतं. जेवण पोटात गेल्यावर जी उसळी यायला हवी, ती येत नाही.

ही उसळी कोण आणतं, हे कळायला १९६४ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन थोडं वाढतं आणि तोंडाने दिलं तर कितीतरी जास्त. म्हणजे अन्न आतड्यातून जाताना स्वादुपिंडाला काहीतरी कळवलं जातं. कळवणारी मुख्य हार्मोन दोन. जीआयपी हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात बनतं आणि जीएलपी-१ मुख्यतः शेवटच्या भागात व मोठ्या आतड्यात. निरोगी माणसात जेवणानंतरच्या इन्सुलिनचा अर्ध्याहून अधिक वाटा या दोघांच्या निरोपामुळे असतो. पंगत बसली की कोणीतरी आत जाऊन आचाऱ्याला "पानं वाढली" असं सांगतो ना, तसं. १९८६ मध्ये जर्मनीत मायकेल नाउक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टाइप-२ मधुमेहात हा परिणाम बराच कमी झालेला असतो.

मग जीएलपी-१ थेट मोजायचं की, असं मुलगा म्हणाला. कल्पना बरोबर, पण मोजमाप अवघड. हे हार्मोन रक्तात आलं की डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करायला लागतं. दोनेक मिनिटांत निम्मं निकामी. मोजायचं तर खास रसायन घातलेली नळी, बर्फ, ताबडतोब सेंट्रिफ्यूज. आणि एवढं करून आकडा आला तरी तो बहुधा फसवा असतो. का, ते पुढे येतंच.

आता अहवाल

अहवालातल्या बहुतेक ओळी मी वाचून सोडून दिल्या. टाइप-२ मधुमेहाशी जोडलेल्या जनुकीय जागा आता शेकडो माहीत आहेत आणि एकेकीचा परिणाम अगदी बारीक असतो. जीआयपीचा निरोप पेशीवर झेलणाऱ्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकातला एक बदलही अहवालात होता. २०१० मध्ये त्याचा संबंध ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या दोन तासांच्या साखरेशी दिसला होता. दोघा भावांत तो सारखाच होता, म्हणून इथे निरुपयोगी.

एका ओळीवर मात्र थांबावं लागलं. टीसीएफ७एल२. या जनुकातल्या एका ठरावीक जागी कोणाकडे डीएनएचं सी हे अक्षर असतं, कोणाकडे टी. टी आला तर धोका वाढतो. प्रत्येक माणसाकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती. थोरल्यांकडे दोन्ही टी. धाकट्यांकडे दोन्ही सी. म्हणजे आई आणि वडील दोघांकडेही एक टी, एक सी होता हे नक्की. एकाला दोन्ही वाईट पत्ते आले, दुसऱ्याला एकही नाही. मधल्या बहिणीची तपासणी झालेली नाही, आणि मी सुचवलीही नाही.

हे जनुक २००६ साली आइसलँडमधल्या डीकोड कंपनीच्या संशोधकांनी पुढे आणलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लोकांनी भारतीयांतही ते मधुमेहाशी पक्कं जोडलेलं असल्याचं दाखवलं. टीची एक प्रत मधुमेहाचा धोका साधारण दीडपटीच्या आत वाढवते. आपल्याकडे जवळजवळ निम्म्या लोकांत किमान एक प्रत सापडते, त्यामुळे ही काही दुर्मीळ घराण्याची बाब नाही. मोंढ्यातल्या निम्म्या गाद्यांवर ती बसलेली असणार.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय आतड्यावर होता. टीसीएफ७एल२ ज्या यंत्रणेतलं आहे, तीच आतड्याच्या पेशीत जीएलपी-१ ज्या मूळ प्रथिनापासून बनतं त्याचं जनुक चालू करते. त्यामुळे टी असलेल्यांत जीएलपी-१ कमी बनत असावं, असा तर्क होता. मोजल्यावर तसं दिसलं नाही. २००७ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या गटाने टी असलेल्या लोकांची तपासणी केली. जीएलपी-१ची पातळी ठीक निघाली; पण शिरेतून जीएलपी-१ दिल्यावर त्यांच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन कमी सोडलं. निरोप पोचतो, आचारी उठत नाही. म्हणूनच रक्तातलं जीएलपी-१ मोजून थोरल्यांचं काही कळलं नसतं.

थोरल्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. २००७ मध्येच स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या मधुमेहींच्या नोंदी तपासल्या गेल्या. ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळ्या, म्हणजे सल्फोनिलयुरिया, दोन धोकादायक प्रती असलेल्यांत अपयशी ठरण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. मेटफॉर्मिनच्या बाबतीत असा फरक नव्हता. ते पटण्यासारखं आहे. मेटफॉर्मिनचं मुख्य काम यकृतात आणि आतड्यात चालतं. सल्फोनिलयुरिया मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीलाच ढोसते, आणि थोरल्यांची गडबड नेमकी याच पेशीत.

थोरल्यांना मी एवढंच सांगितलं, "अण्णा, गोळी खोटी नाही आणि तुम्हीही खोटे नाही. तुमच्या पेशी त्या गोळीला कमी दाद देतात. मात्रा वाढवून काही हाती लागणार नाही." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. अकरा वर्षं घरातल्या प्रत्येकाने त्यांना "तुम्ही गुपचूप गोड खाताय" असंच ऐकवलं होतं. अहवालाचा औषधाला झाला त्यापेक्षा जास्त उपयोग इथे झाला, असं माझं मत.

पण सगळं जनुकावर ढकलणंही बरोबर नाही. सकाळच्या नाश्त्याला घरात बहुतेक दिवस सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून, असते. चुरमुऱ्याची साखर किती झपाट्याने चढते ते थोरल्यांनी घरच्या मशीनवर पाहिलं: सुशीला आणि चहानंतर दोन तासांनी ३०४. भाकर-पिठल्याच्या दिवशी २६० ते २७० च्या आसपास. जनुक तेच, माणूस तोच.

इंजेक्शन, गोळी आणि पुढे

आता मुलाच्या इंजेक्शनचा विचार. सेमाग्लुटाइड आणि त्याच्या भाऊबंदांत जीएलपी-१ची नक्कल असते, पण डीपीपी-४ला ती लवकर तुटत नाही. या कुळातलं पहिलं औषध एक्सेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आलं. त्याचं मूळ अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेलं. थोरल्यांना हे सांगू नका, असं मुलगा म्हणाला.

दोन टी असलेल्याला हे लागू पडेल का? बऱ्यापैकी पडेल. नैसर्गिक निरोप हलका असतो, इंजेक्शनातला कितीतरी मोठा, आणि टाइप-२ मधुमेहात जीएलपी-१च्या मोठ्या मात्रेला पेशी अजून उठते, हे नाउक यांच्याच गटाने १९९३ मध्ये दाखवलं होतं. जीआयपीला मात्र ती फारशी उठत नाही. पण थोरल्यांचं वजन मुळात कमी, स्नायू बारीक. ज्या माणसाला मांडीवर मांस हवं त्याची भूक मारायची हे मला पटेना. शिवाय खर्च. मी नको म्हटलं, निदान आत्ता नको.

त्याऐवजी सिटाग्लिप्टिन. ही गोळी डीपीपी-४ला अडवते, म्हणून शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ जास्त वेळ टिकतं. पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ती स्वस्त झाली आहे. आशियाई लोकांत या गटाच्या गोळ्या सरासरी थोडा बरा परिणाम देतात. पण दोन टी असलेल्यांत लिनाग्लिप्टिन या बहिणीगोळीचा परिणाम दोन सी असलेल्यांपेक्षा कमी दिसला आहे. नाहीसा नाही, कमी. त्यामुळे सुरुवात करतानाच थोरल्यांना सांगून ठेवलं होतं की एवढ्याने एचबीए१सी ७ वर येणार नाही.

तसंच झालं. ग्लिमेपिराइड ४ वरून २ वर आणलं, सिटाग्लिप्टिन १०० मिलिग्रॅम सकाळी. जेवणाचा क्रम बदलला: आधी उसळ, दही, कांदा-काकडी, मग भाकर. प्रथिनं आणि चोथा आधी गेला की जेवणानंतरची साखर कमी चढते, यात आतड्याच्या हार्मोनचाही हात आहे. सुशीला रविवारपुरती. मोंढ्यात चहा बिनसाखरेचा. ही लढाई सगळ्यात अवघड होती, कारण बिनसाखरेचा चहा पाजणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान असा तिथला समज, आणि पाहुण्याला साखरेचा देऊन स्वतः वेगळा घ्यायचा तर गाडेवाल्याला दोन किटल्या. शेवटी त्यांनी चहाच दोनदावर आणला.

तीन महिन्यांनी ९.२ चं ८.३ झालं. जेवणानंतरचा आकडा २१० च्या घरात. लघवीत प्रथिनं होतीच, तेव्हा डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम जोडलं. किडनीला त्याचा फायदा, आणि ते स्वादुपिंडाच्या मर्जीवर अवलंबून नाही. साखर लघवीवाटे बाहेर काढतं. पण मराठवाड्यात हे औषध कॅलेंडर बघून द्यावं. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे "भरपूर पाणी प्या" हे वाक्य सहज म्हणता येत नाही. आम्ही हिवाळ्यात सुरू केलं. उन्हाळ्यासाठी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: जुलाब-उलटी, ताप, किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी ही गोळी बंद. आषाढी एकादशी ते निरंकार करतात, ते पत्नीकडूनच कळलं.

आणखी तीन महिन्यांनी ७.३.

धाकट्यांचं काय

हे प्रकरण थोरल्यांचं म्हणून आलं, पण तातडीचा धोका धाकट्यांना होता. तो अहवालातून कळला नाही. थोरल्यांच्या पत्नी जाता जाता म्हणाल्या, "भाऊजींचं बरंय, त्यांची शुगर लई चांगली हाय. फकस्त अकराच्या सुमाराला रानात घामाघूम हून बांधावर बसत्यात, मग गूळ खाल्ला की उठत्यात."

ही चांगली शुगर नव्हे, ही उतरलेली शुगर. मशीन रानात न्यायला सांगितलं. घाम आला त्या वेळी ५८. सकाळी गोळी, नाश्ता कोरडा, आणि लगेच औषधफवारणी किंवा पाणी धरणं. त्यांच्या पेशी ग्लिमेपिराइडला भरपूर दाद देतात. त्यात अहवालाच्या पाचव्या पानावर सीवायपी२सी९ नावाच्या यकृतातल्या एन्झाइमची एक संथ प्रतही होती. ही प्रत असली की गोळी रक्तात जास्त वेळ रेंगाळते. मुलाने ते पान हिरवं असल्यामुळे वाचलंच नव्हतं.

त्यांचं ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केलं, मेटफॉर्मिन वाढवलं. पुढच्या वेळी एचबीए१सी ६.९. आकडा थोडा वर गेला म्हणून ते नाराज होते. बांधावर बसणं मात्र थांबलं, आणि मला तो सौदा फायद्याचा वाटतो. विहिरीच्या काठावर, मोटार चालू करताना साखर ५८ ला येणं ही नुसत्या आकड्यांची बाब नाही.

राहिला मुलगा. वय २४. आपलीही जनुकीय तपासणी करू का, असं त्याने विचारलं. वडिलांकडे दोन टी आहेत म्हणजे त्याच्याकडे किमान एक आहेच. ते कळायला पैसे कशाला? अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांची हीच जागा तपासली गेली, निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना औषधाऐवजी नुसती नकली गोळी (प्लासिबो) दिली होती, त्यांच्यातल्या दोन टीवाल्यांना दोन सीवाल्यांपेक्षा मधुमेह होण्याचा धोका सुमारे ८० टक्के जास्त होता. ज्या गटाने वजन उतरवलं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं धरलं, तिथे हा फरक जवळजवळ दिसेनासा झाला.

त्याचं रक्त दोनदाच घेतलं. उपाशी १०७, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १६२. मधुमेह नाही, पण उंबरठा गाठलेला. पुण्यातली मेस त्याने सोडलेली नाही, भात निम्म्यावर आणला आहे आणि खोलीपासून कॉलेजपर्यंत चालत जातो. वर्षभराने पुन्हा हेच दोन आकडे बघायचे आहेत.